डावं-उजवं

नोव्हेंबर. टार्टूच्या बाहेर चार वाजता अंधार पडतो,
आमच्या तळघरात तो सकाळपासूनच असतो:
काळ्या रंगाच्या भिंती, काळा पडदा, काळे हातमोजे,
आणि मधोमध, टेबलाला बोल्टांनी जखडलेला
बशीएवढा डोळा.
वसंतात तो कक्षेत जाणार आहे
आणि पेइप्सी सरोवरात शेवाळ किती, ते वरून सांगणार आहे.

दिव्यापुढची ध्रुवणाची काच
मी पाच-पाच अंशांनी फिरवते.
दिवा तोच. उजेडही तेवढाच.
पण उभा दिला की आकडा चढतो,
आडवा दिला की उतरतो.
शंभराचे सत्त्याण्णव, सत्त्याण्णवाचे पुन्हा शंभर,
एका फेरीत दोनदा, न चुकता.

तीन टक्के, त्यात काय एवढं,
असं मंत्रालयातला माणूस फोनवर म्हणाला.
मी म्हटलं, पाण्यावरून वर येणारा उजेड
शंभरातला दहा जेमतेम पाण्याचा,
बाकी सगळा आभाळाचा, आणि आभाळाचा उजेड
हवेत घासून एका अंगाला कलून येतो.
त्या दहातला एखाद-दुसरा आमचा डोळा गिळतो.
सकाळी सरोवर आजारी, दुपारी ठणठणीत.
मुस्तव्हेच्या कोळ्यांनी जाळी कधी टाकायची?

दोष तसा कुणाचाच नाही.
आत एक आरसा आहे, तिरका.
त्यापुढे बारीक रेघांची जाळी, सगळ्या रेघा एकाच दिशेच्या.
जो तिरका उभा राहतो
त्याला एक बाजू जवळची होतेच.

साल्मे, माझी आई, सूप वाढायची तेव्हा
पळी अर्वोच्या ताटलीवर जराशी रेंगाळायची.
जराशीच. एखादा बटाटा घसरेल इतकी.
मी मोजायचे. सातव्या वर्षापासून मोजते आहे,
आता त्याचा पगार मिळतो.
"मी तुमच्यात कधी डावं-उजवं केलं नाही," ती म्हणायची,
आणि खोटं बोलत नसायची.
या डोळ्याला विचारा, तोही हेच म्हणेल.

हेलडुर आला तपकिरीच्या जुन्या डबीत
स्फटिकाच्या दोन पाचरी घेऊन.
स्वतः घासलेल्या. एकीचा अक्ष सरळ,
दुसरीचा पंचेचाळीस अंशांत;
एकीची जाड कड दुसरीच्या पातळ कडेवर.
"यानं डोळा सुधारत नाही हां," तो म्हणाला,
"त्याला सुधारायला बसलो तर म्हातारा होईन."
"झालायसच की."
"यानं उजेडच असा ढवळायचा
की उभा कोण आला, आडवा कोण, हे त्याला कळूच नये.
मग कर म्हणावं दुजाभाव."

पाचर बसवली. पुन्हा फिरवलं, पाच-पाच अंश.
आलेख आडवा झाला, बर्फ धरलेल्या पाण्यासारखा.
फुकट नाही मिळालं:
आता किनारा केसभर दुहेरी दिसतो,
बोटीच्या जागी बोट आणि बोटीची शंका.
आणि शून्य पूर्णांक दोन दशांश उरले आहेत.
हेलडुर म्हणाला, ते कुठून येतात?
मी म्हटलं, शोधू.

शेवटच्या हिवाळ्यात आईची नजर गेली.
तरी वाढायची तीच,
अंगठ्यानं ताटलीची कड चाचपून.
दोन ताटल्या, त्याच निळ्या काठाच्या,
समोर मी आणि अर्वो, कुणी बोललं नाही.
चार बटाटे. चार बटाटे.
आयुष्यात पहिल्यांदा.
मग पळी हवेत थांबली.
"यातली अर्वोची कुठली?"

अर्वो खिडकीबाहेर बघत होता.
मी माझी दाखवली.

पाचवा बटाटा आला.
तो अजून घशाखाली उतरलेला नाही.